जास्तीची कुंडी

अहमदपूरच्या एसटी स्टँडवर मी एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. माइकवरून जो आवाज यायचा, तो माझा. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे. नांदेडहून आलेली, शिरूर ताजबंदमार्गे उदगीरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे.' दिवसातून शंभर-दीडशे वेळा हेच. घसा टिकावा म्हणून खडीसाखरेचा एक खडा गालात धरून बोलायची सवय लागली. रिटायर झालो तरी ती डबी शर्टाच्या खिशातून गेलेली नाही. आमच्या कामाचा नियम एकच होता. चिठ्ठीवर असेल ते वाचायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. डोकं चालवलं की जीभ अडखळते आणि चाळीस माणसं भलत्याच गाडीत चढून बसतात.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ ह्या सवयीनं केला.

आमचं चर्च नांदेड रस्त्याला, मार्केट यार्डाच्या जरा पुढं आहे. साधी स्लॅबची इमारत, दारात दोन कडुनिंब, मागं कबरस्तान. आम्ही कॅथलिक घरं पन्नासच्या आतबाहेर. बहुतेकांचे आजे-पणजे ख्रिस्ती झालेले. २०१६ साली वसईचे फादर इनास आमच्याकडं आले. त्यांच्या गावी म्हणे ईस्टरला वेदीसमोर लिलीची फुलं ठेवतात, आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावानं. आता आमच्याकडं कुठली लिली? एप्रिलच्या उन्हात आम्हीच कोमेजून जातो. मग ठरलं, गुलछडी. प्रत्येक गेलेल्या माणसामागं गुलछडीची एक कुंडी. कुंडीला पांढऱ्या दोऱ्यानं एक कार्ड बांधायचं. कार्डावर दोन ओळी छापलेल्या, 'यांच्या आठवणीत' आणि 'यांच्याकडून'.

"आणि नावं वाचायला भालेराव साहेब आहेतच की," फादर म्हणाले.

झालं, काम माझ्या गळ्यात पडलं. ईस्टरच्या सकाळी साडेसातची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, आटोपत आली की मी हातात माइक घेऊन रांगेतून जायचं. एकेक कार्ड उचलायचं, नाव पुकारायचं. ज्या घरचं नाव असेल त्या घरचं माणूस उठतं, कुंडी उचलतं आणि मागं कबरीवर नेऊन ठेवतं. चर्च झाडणारी सरजाबाई पहिल्या वर्षी मला म्हणाली, "माइकवर लई झाक वाटलं बघा आमच्या मालकाचं नाव. जित्तेपणी गावात कुणी त्यास्नी अहो-जाहो केलं न्हाई." असं म्हणून पदरात तोंड लपवून हसली आणि रडलीही.

आता दयानंदचं सांगतो. टाळून भागणार नाही.

दयानंद आमचा एकुलता एक मुलगा. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनीअरिंगला होता, तिसऱ्या वर्षाला. अक्षर असं की बघत राहावं. उभं, कोरीव, सगळी अक्षरं एका उंचीची. लिहायचा पेन्सिलनं. ड्रॉइंगची सवय, वाण्याची यादीसुद्धा पेन्सिलनंच. "बाबा, पेन पाण्यात फुटतं, पेन्सिल न्हाई फुटत," असं मला शिकवायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये एका रविवारी तो नदीवर गेला. गोदावरी तेव्हा दोन्ही तीर भरून चालली होती. घाटाच्या पायरीवर त्याच्या चपला सापडल्या. एका चपलेत मोबाइल, दुसरीत चष्मा, रुमालात नीट गुंडाळलेला.

भोई लोकांनी नऊ दिवस नाव फिरवली. तो सापडला नाही.

सापडला नाही, एवढंच मी म्हणतो. गेला असं मी म्हटलं नाही. पोरं रागावून निघून जातात, पुण्या-हैदराबादला कामाला लागतात आणि पाच वर्षांनी दारात उभी राहतात. स्टँडवर मी अशी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. मी दर महिन्याला नांदेडला जायचो, ठाण्यात चौकशी करायचो, नांदेडच्या स्टँडवर दोन तास बसायचो आणि परत यायचो. उतरणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड बघायचो. लोकांना मी वेडा वाटत असेन. वाटू द्या.

सिंधुला, माझ्या बायकोला, हे पटलं नाही. ती बिलोलीची, नदीकाठची. तिला पाणी कळत होतं.

२०२२ च्या ईस्टरआधी ती म्हणाली, "ओ, ऐका की. औंदा दयाच्या नावाची एक कुंडी ठेवू."

"ती गेलेल्यांसाठी असते."

"मला ठाव हाय कुणासाठी असतीया ते."

"मग?"

ती भाकरी थापत होती, थापत राहिली. मग म्हणाली, "एकतीस वर्षं परक्यांच्या गाड्या पुकारल्या तुमी. आपल्या लेकराला एकदा पुकारा की. मला त्याला रडायचंय ओ. कुठं बसून रडू सांगा. कबर न्हाई, काही न्हाई."

मी ताटावरून उठलो. माझा स्वभाव तिरसट आहे, कबूल करतो. पण त्यामागं एक भीती होती आणि ती मी तिला कधीच सांगितली नाही. मी पुकारलं की गाडी सुटते. एकतीस वर्षं हेच पाहिलं होतं. पुकारलेली गाडी मी कधी थांबवू शकलो नाही.

त्या वर्षी कुंड्या मागवल्या एक्केचाळीस. पुरवणारा वीरेश, उदगीर रस्त्यावर त्याची नर्सरी आहे. लिंगायत आहे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, बोलायला मोकळा. शनिवारी दुपारी त्यानं टेम्पोतून कुंड्या उतरवल्या आणि मी रांग लावली. मोजल्या तर बेचाळीस.

"वीरेश, एक जास्त आली रे."

"न्हाई काका, एक्केचाळीसच भरल्या. ही आपली न्हाईच," म्हणत त्यानं ती कुंडी वाकून पाहिली. "माती बघा की. मी उदगीरची तांबडी माती वापरतो. ही काळी हाय."

माती काळी होती. शेतातली काळी नव्हे, गाळाची. त्यात शंखाचे बारके पांढरे तुकडे होते. एकच छडी, कळ्या घट्ट मिटलेल्या. कार्ड बांधलेलं होतं, दोन्ही ओळी कोऱ्या. कुणीतरी घरून आणून ठेवली असेल आणि नाव घालायचं विसरलं असेल, असं मी म्हटलं. रविवारी सगळ्या कुंड्या गेल्या आणि ती एकटी उरली. सोमवारी बघितलं तर तीही नव्हती. फरशीवर फक्त ओला गोल होता.

२०२३ ला बेचाळीस मागवल्या, भरल्या त्रेचाळीस.

ह्या वेळी सरजाबाईच्या आधी लक्षात आलं. ती तांब्या घेऊन पाणी घालत चालली होती, शेवटच्या कुंडीपाशी थांबली. "कंट्रोलर साहेब, हिला म्या पाणी घातलंच न्हाई. ही वलीच हाय. हात लावून बघा, कशी गार हाय."

बाहेर एक्केचाळीस डिग्री होतं. मी हात लावला. कुंडी खरंच गार होती आणि वास गुलछडीचा नव्हता. पूर ओसरल्यावर काठाला येतो तो वास. मी कार्ड उलटवलं. वरची ओळ कोरी होती. खालच्या ओळीत, 'यांच्याकडून' पुढं, पेन्सिलनं लिहिलेलं होतं, दयानंद. उभं, कोरीव, एका उंचीचं.

मी ते कार्ड तोडलं, खिशात घातलं, कुंडी उचलून फाटकाबाहेर ठेवली आणि तसाच घरी गेलो. सिंधु गहू निवडत बसली होती. मी कार्ड तिच्या सुपात टाकलं.

"हे तू लिहिलंस."

तिनं कार्ड उचललं. बराच वेळ बघितलं. मग अंगठ्यानं त्या अक्षरांवरून हळूच हात फिरवला.

"मी लिवलं असतं," ती म्हणाली, "तर वरच्या वळीत लिवलं असतं. माझं लेकरू खालच्या वळीत कशाला लिवू मी?"

चर्चमधल्या कुठल्यातरी टवाळ पोराचं काम असणार, असं मी म्हणालो आणि दोन दिवस एकेकाची वही मागून अक्षर ताडून पाहिलं. शरम वाटते आता सांगायला. कुणाचं जुळलं नाही. ते कार्ड सिंधुनं आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं.

२०२४ ला मी तयारीनं गेलो. मागवल्या त्रेचाळीस. शनिवारी दोनदा मोजल्या, प्रत्येक कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्रेचाळीसच. दारांना कुलपं लावली, किल्ली खिशात घातली. सिंधुनं त्याही वर्षी विचारलं होतं आणि मी त्याही वर्षी नाही म्हटलं होतं. ती फक्त म्हणाली होती, "बरं."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पंखे असूनही घामाच्या धारा. मिस्सा झाली, मी खडीसाखर तोंडात टाकली आणि माइक घेतला. कार्ड उचलायचं, वाचायचं, पुढं जायचं. तिसाव्या नावानंतर माणसाचं मन कुठं असतं? आवाज आपला आपण चालतो. मी शेवटच्या कार्डाशी आलो, उचललं आणि वाचलं.

"यांच्या आठवणीत, सिंधु सुदर्शन भालेराव. यांच्याकडून, दयानंद."

आवाज अजिबात अडखळला नाही. खणखणीत निघाला.

मग कळलं.

पंख्यांचा तेवढा आवाज येत होता. लोक माझ्याकडं बघत होते, मग हळूहळू डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडं. तिथं सिंधु बसली होती. जिवंत, हिरवं लुगडं नेसून.

फादर इनास माझ्याकडं यायला निघाले. पण सिंधु त्यांच्या आधी उठली.

"हाव," ती म्हणाली. "आले."

ती सरळ पुढं आली. तिचं तोंड मी तीन वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. लग्नातली सिंधु. तिनं वाकून कुंडी उचलली, कुंडीतून पाणी ठिबकत होतं, आणि माझ्यापुढं थांबून हळूच म्हणाली, "पुकारलंत न्हवं त्याला. बास झालं."

मी माइक खाली ठेवला. मागं कुणीतरी रडायला लागलं. ती कुंडी घेऊन कबरस्तानाकडं गेली नाही, घरी गेली.

घरी तिनं ती दयानंदच्या खोलीत, खिडकीखाली ठेवली. मी फेकून देईन म्हणालो तर म्हणाली, "हात लावू नका." अशा सुरात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. कळ्या उमलल्या, पंधरा दिवसांनी फुलं वाळली, जसं व्हायला पाहिजे तसंच झालं. माती मात्र वाळली नाही. मे महिना गेला. आमच्या बोअरला पाणी नव्हतं, टँकर यायचा, अंगणातली तुळससुद्धा जळाली. त्या कुंडीत कुणी थेंब घातला नाही आणि ती ओलीच राहिली. सिंधु दुपारचं काम आवरलं की तिथं जाऊन बसायची. बोटं मातीत घालून बसायची आणि रडायची, मनसोक्त. कधी हसायचीही. काय बोलत होती ते मी दारापाशी उभं राहून ऐकायचा प्रयत्न केला, पण शब्द कळायचे नाहीत. मला तिचा हेवा वाटायचा. खरं सांगतो, हेवाच.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी चारला मी चहासाठी हाक मारली. उत्तर आलं नाही. ती कुंडीपाशी भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय एकोणसाठ, बीपी होतं, गोळ्या वेळेवर घेत नव्हती. मीही हेच म्हणतो. पण दोन गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या नाहीत. कुंडीतली माती कोरडी ठक्क पडली होती, भेगा गेल्या होत्या. आणि तिच्या उजव्या हाताची बोटं सुरकुतली होती, दिवसभर धुणं धुतल्यावर सुरकुततात तशी. पेटीत ठेवेपर्यंत ती तशीच होती.

तिला चर्चमागं पुरलं. घरात मी एकटा उरलो.

औंदा ईस्टर वीस एप्रिलला, म्हणजे उद्या. मी ह्या वेळी स्वतःहून दोन कुंड्या लावल्या. दोन्ही कार्डं माझ्या हातानं लिहिली. एकावर सिंधु. दुसऱ्यावर दयानंद, वरच्या ओळीत. लिहायला एक अख्खी सकाळ लागली. तिनं इतकंच तर मागितलं होतं. ती असताना मी हे केलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? हा प्रश्न आता मला रोज खातो.

वीरेश दुपारी चव्वेचाळीस कुंड्या टाकून गेला. मी रांग लावली. सरजाबाई उपवासकाळात पुतळ्यांवर घातलेलं जांभळं कापड काढत होती. मी मोजल्या, चव्वेचाळीस. परत पहिल्यापासून मोजल्या, पंचेचाळीस.

जास्तीची खिडकीपाशी होती. खाली फरशी ओली झाली होती. कळ्या मिटलेल्या.

मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा काय आलं मनात सांगू? आठवण ठेवली पोरानं, असं आलं. मी कुंडी उचलली, मांडीवर घेऊन बाकावर बसलो आणि कार्ड उलटवलं.

खालच्या ओळीत दोन नावं होती. दयानंद, उभं आणि कोरीव. त्याच्या शेजारी सिंधु. सिंधु चौथी शिकलेली. सगळी अक्षरं लिहून झाल्यावर वरची रेघ ती एका दमात ओढायची आणि ती नेहमी जरा पुढं जायची. तशीच गेलेली होती. दोन्ही नावं पेन्सिलनं.

वरच्या ओळीत माझं नाव होतं, आडनावासकट.

मी कार्ड तोडलं नाही. कुंडी रांगेत नेली आणि शेवटी ठेवली, सिंधु-दयानंदच्या कुंड्यांच्या शेजारी. सरजाबाईनं विचारलं, "आता ही कुणाची?" मी म्हटलं, "आमच्याच घरची."

येताना वीरेशच्या नर्सरीवर थांबलो. तो पाइप घेऊन रोपांना पाणी मारत होता.

"उद्या सकाळी साडेसातला चर्चला येशील?"

"मी? काय काम हाय का काका?"

"एक कुंडी उचलायची आहे. नाव पुकारलं की घरचं माणूस उठावं लागतं. आमच्या घरचं आता कुणी उरलं नाही."

त्यानं पाइप खाली ठेवला. "सिंधुकाकूंची का?"

"तिची आणि दयाची मीच उचलणार आहे."

"मंग कुणाची?"

"पुकारीन तेव्हा ऐक."

तो मग माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "काका, हात पुसा की. पाणी गळून राहिलंय."

मी धोतरानं हात पुसला आणि घरी आलो.

आता सात वाजत आलेत. उद्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे, खडीसाखरेची डबी भरून खिशात ठेवली आहे. आवाज बरा आहे, मघाशी एकदा मोठ्यानं नावं म्हणून बघितली. तिन्ही. कुठं अडखळलो नाही. कुंडी उचलून तीन तास झाले. पण उजव्या हाताची बोटं अजून सुरकुतलेलीच आहेत.